मीठ आणि मूत्रपिंड

‘खाल्ल्या मिठाला जागावे’ असे आपण म्हणतो. इमान आणि चव या दोन्ही गोष्टी आपल्या भाषेने मिठाशी बांधल्या आहेत. ज्यात गोडी नाही ते ‘अळणी’. विक्रोळीकरांना तर मीठ परके नाही. पूर्वेला ठाण्याची खाडी आणि पुढे कांजूर, भांडुप, मुलुंडच्या बाजूला मिठागरांच्या जमिनी. परंतु खाल्ल्या मिठाला शरीरात रात्रंदिवस जागणारा अवयव म्हणजे मूत्रपिंड. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही या विषयाचे जे वाचन झाले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातला बहुतेक भाग रक्तात परत करतात. लघवीवाटे बाहेर पडते ते साधारण दीड लिटर. रक्तात सोडियम किती ठेवायचे आणि किती टाकायचे, हेही येथेच ठरते. मिठाचा सुमारे ४० टक्के भाग सोडियम असतो. तो शरीरात साठला की त्याच्याबरोबर पाणी साठते आणि रक्तदाब वाढू शकतो. वाढलेला दाब गाळण्यांना इजा करतो. दुखावलेल्या मूत्रपिंडाला सोडियम नीट टाकता येत नाही, म्हणून दाब आणखी चढतो. असे हे दुष्टचक्र आहे.

पण मीठ सारेच खातात. मग त्रास काहींनाच का? अमेरिकन संशोधक लुईस डाल यांनी न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. खारट आहार दिलेल्या उंदरांपैकी काहींचा रक्तदाब वाढला, काहींचा वाढला नाही. निवडून पैदास करीत त्यांनी मीठ बाधणारा आणि न बाधणारा असे दोन वाण तयार केले व १९६२ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. पुढे १९७४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन वाणांच्या मूत्रपिंडांची अदलाबदल केली. मीठ बाधणाऱ्या वाणाचे मूत्रपिंड ज्या उंदराला मिळाले, त्याचा दाब चढला. म्हणजे दोषाचे एक मूळ मूत्रपिंडातच होते. १९८३ मध्ये माणसांतही याला दुजोरा मिळाला. तीव्र रक्तदाबाने मूत्रपिंडे निकामी झालेल्या सहा रुग्णांना निरोगी मूत्रपिंडे बसवल्यावर त्यांचा रक्तदाब सामान्य झाला.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचवते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतीय प्रौढ सरासरी सुमारे ८ ग्रॅम खातो.

येथे विज्ञानाची गाठ आमच्या ताटाशी पडते. माझे वडील कारखान्यात पाळीने काम करतात. त्यांना रक्तदाब असल्याचे कळले तेव्हा डॉक्टरांनी ‘मीठ कमी करा’ असे सांगितले. त्यावर आई म्हणाली, “मग भाकरी कशाशी खायची?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. जेथे रोज भाजी परवडत नाही, तेथे ठेचा, लोणचे, पापड, सुकट हेच कालवण होते. मीठ ही गरिबाची सर्वांत स्वस्त चव आहे. ती हिरावून घ्यायची तर तिच्या जागी काय द्यायचे, हेही सांगितले पाहिजे. आमच्या घरी लिंबू, चिंच, आमसूल, लसूण आणि भाजलेला कूट यांवर आता भर आहे. वरून मीठ घेणे बंद झाले असून पापड सणापुरता उरला आहे.

सैंधव खाल्ले की धोका टळतो, हा समज मात्र खोटा आहे. तेही मुख्यतः सोडियमयुक्त मीठच. पोटॅशियम मिसळलेल्या मिठाचे चित्र वेगळे आहे. चीनच्या ६०० खेड्यांतील सुमारे २१,००० लोकांवर त्याचा प्रयोग झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटलेले दिसले. पण ज्यांची मूत्रपिंडे आधीच अधू आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचून जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

उच्च रक्तदाब बहुधा कोणतीही कुरकुर न करता वाढतो. आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिले कॉलेजात आलेले आहेत. आपण शिकलो त्याचा घराला उपयोग व्हावा असे वाटत असेल, तर या सुट्टीत आईवडिलांना पालिकेच्या दवाखान्यात नेऊन त्यांचा रक्तदाब मोजून घ्यावा आणि डॉक्टर जे सांगतील ते त्यांना त्यांच्याच बोलीत समजावून द्यावे.