घरच्या कोंबडीची सफाई

कोंबडी कापण्याच्या आदल्या रात्री तीस दाणा घालू नये, पाणी मात्र ठेवावे. म्हणजे आतडी रिकामी राहतात. रक्त पूर्ण निथळल्यावर ती ऊन पाण्यात सुमारे एक मिनिट बुडवावी. उकळते व थंड पाणी समभाग मिसळल्यास सुमारे ६० अंश उष्णता येते. त्याहून फार कढत असल्यास कातडी फाटते, कोमट असल्यास पिसे सुटत नाहीत. पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. फुटल्यास मांस कडू होते. हात, सुरी व पाट साबणाने धुवावे. आतील रस तांबूस न राहता स्वच्छ निघेपर्यंत मांस शिजवावे.

एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. आजारी किंवा आपोआप मेलेली कोंबडी, वाया जाईल म्हणून, खाऊ नये व विकूही नये. २००६ साली नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. असा पक्षी दिसल्यास त्यास हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. एका कोंबडीच्या लोभाने शेजाऱ्याचे घर संकटात घालणे बरे नव्हे.