युरियापासून षटकोनापर्यंत

खताच्या पोत्यातील युरियात वजनाच्या ४६ टक्के नत्र असते. हे पांढरे दाणे अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून कारखान्यात तयार होतात, याचे आज कोणास नवल वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मात्र युरिया हा मूत्रातून मिळणारा पदार्थ होता. आणि असे पदार्थ सजीवांच्या देहातील प्राणशक्तीवाचून निर्माण होऊच शकत नाहीत, अशी अनेक विद्वानांची धारणा होती.

१८२८ मध्ये बर्लिनच्या एका औद्योगिक शाळेत शिकविणारे फ्रीड्रिख व्होलर हे अमोनियम सायनेट बनवू पाहत होते. हाती आले ते युरियाचे स्फटिक! मूत्रपिंडावाचून आपण युरिया बनवू शकतो, असे त्यांनी आपले गुरू बर्झीलियस यांना कळविले. या एका प्रयोगाने प्राणशक्तीची कल्पना कोसळली असे पुष्कळदा सांगितले जाते, ते तितकेसे खरे नाही. ती पुढेही काही काळ तग धरून होती. प्रयोगाचे महत्त्व निराळेच आहे. या दोन्ही पदार्थांत कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे अणू अगदी सारख्याच संख्येने असतात. तरी गुणधर्म भिन्न. अशा पदार्थांना समघटक म्हणतात. तेव्हा घटकांइतकेच महत्त्व त्यांच्या मांडणीलाही आहे, हे उघड झाले. पण डोळ्यांना न दिसणारी ही मांडणी ओळखावयाची कशी?

उत्तरास तीस वर्षे लागली. कार्बनचा प्रत्येक अणू जणू चार हातांनी इतर अणूंना धरतो व कार्बनचे अणू परस्परांना जोडून साखळी तयार करतात, असे १८५८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आउगुस्ट केकुले यांनी मांडले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये आर्चिबाल्ड कूपर हा स्कॉटिश तरुण स्वतंत्रपणे याच निष्कर्षास पोहोचला होता. त्याचा निबंध विज्ञान अकादमीपुढे ठेवण्याचे काम व्युर्त्स यांच्याकडे होते. त्यास विलंब झाला आणि दरम्यान केकुले यांचा लेख प्रसिद्ध झाला. कूपरने जाब विचारला, तेव्हा प्रयोगशाळा त्यालाच सोडावी लागली. पुढे त्याचे मनःस्वास्थ्य ढळले व १८९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो रसायनशास्त्राकडे परतला नाही. कचेरीच्या टेबलावर कागद अडकून राहिल्याचे परिणाम ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही हकीकत बोचल्यावाचून राहणार नाही.

१८६५ मध्ये केकुले यांनी बेंझीनच्या सहा कार्बन अणूंची साखळी वर्तुळाकार मिटविली. १८७४ मध्ये बावीस वर्षांच्या व्हान्ट हॉफ यांनी, तसेच फ्रान्समध्ये ल बेल यांनी, कार्बनचे चार हात कागदावर नव्हे तर अवकाशात चार दिशांना पसरलेले असतात, असे प्रतिपादन केले. कोल्बे या ज्येष्ठ जर्मन रसायनज्ञांनी ही कल्पना म्हणजे पशुवैद्यक शाळेतील शिक्षकाची भरारी, अशी १८७७ मध्ये तिची टर उडविली. १९०१ चे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्याच शिक्षकास, अर्थात अन्य कार्यासाठी, मिळाले.

केकुले यांचे वलय मात्र अद्याप अनुमानच होते. १९२९ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे कॅथलीन लॉन्सडेल यांनी बेंझीनपासून बनलेल्या एका संयुगाच्या स्फटिकांतून क्ष-किरण पाठविले, आणि त्यांच्या मोजमापांतून सहा अणूंचा सपाट षटकोन प्रत्यक्ष सिद्ध झाला.