कोंबड्यांची मर लपवूं नये

ज्याच्या अंगणांत दहापंधरा कोंबड्या आहेत, त्यास अडीअडचणीला दुसऱ्यापुढें हात पसरण्याची वेळ थोडी कमी येते. मुलांच्या पुस्तकांस, दुखण्याबाण्यास, आल्यागेल्या पाहुण्यास त्याच उपयोगी पडतात. म्हणून सकाळीं खुराडें उघडावें आणि आंत चारपांच कोंबड्या मरून पडलेल्या दिसाव्या, म्हणजे घरच्या बाईस पहिला विचार हा सुचतो कीं, उरलेल्या मरण्यापूर्वीं बाजारांत नेऊन विकाव्या. हा विचार स्वाभाविक आहे; परंतु रोग बर्ड फ्लू असेल तर याहून घातक विचार दुसरा नाहीं.

हा रोग आपल्या देशांतील कोंबड्यांत प्रथम सांपडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांत, नवापूर येथें. भोपाळच्या सरकारी प्रयोगशाळेंत नमुने तपासल्यावर १८ फेब्रुवारी २००६ रोजीं ही गोष्ट जाहीर झाली, आणि बाधित जागेभोंवतालच्या ३ किलोमीटरांतील कोंबड्या मारून पुरण्यांत आल्या. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांच्या गेल्या, तशाच गरिबांच्या अंगणांतल्याही गेल्या. पुढें २०२१ सालीं जानेवारींत परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा गांवीं व त्यानंतर पुनः नवापुरास हा रोग आला. तेव्हां ही दूरदेशची वार्ता आहे असें कोणी समजूं नये.

लपवाछपवीनें काय होतें हें पश्चिम बंगालनें पाहिलें आहे. तेथें २००८ च्या जानेवारींत बीरभूम जिल्ह्यांत हा रोग उठला. तेथील कोंबड्या बहुतेक घरोघरच्या होत्या. सरकारी माणसें येतांच पुष्कळांनीं आपले पक्षी दडविले, कित्येकांनीं ते चोरून दुसऱ्या गांवीं पाठविले. पाहतां पाहतां निम्म्याहून अधिक जिल्ह्यांत रोग पसरला व अखेरीस सुमारें ४० लाख पक्षी मारावे लागले. त्या लोकांस आम्ही दुष्ट म्हणत नाहीं. हातचें जाईल आणि मोबदला मिळणार नाहीं, हें भय त्यांच्या मनांत होतें.

म्हणून मोबदल्याचा नियम नीट समजून घ्यावा. सरकार भरपाई देतें ती जिवंत असतां त्यांनीं मारलेल्या पक्ष्यांची, आणि नष्ट केलेल्या अंड्यांची व खाद्याची. आपोआप मेलेल्या कोंबडीचा एक पैसाही मिळत नाहीं. हा नियम गरिबास जाचक वाटतो, आणि आमच्या मतें तो कांहींसा जाचक आहेही. परंतु त्यांतच शहाण्यास खूण आहे: जो पहिल्या दिवशीं कळवितो त्याच्या पुष्कळ कोंबड्या अजून जिवंत असतात, जो आठ दिवस थांबतो त्याचें खुराडें रिकामें होतें व हातही रिकामा राहतो. शिवाय जनावरांचा असा सांथीचा रोग कळविणें हें २००९ च्या कायद्यानें मालकाचें कर्तव्यच ठरविलें आहे.

आतां कोणी विचारील, कोंबड्या तर दरसाल मानमोडीनें मरतात, मग हा रोग निराळा कसा ओळखावा? खरें सांगावयाचें तर डोळ्यांनीं निश्चित ओळखतां येत नाहीं. तें काम प्रयोगशाळेचें. तरी एकाएकीं बऱ्याच कोंबड्या मरणें, तुरा व गलोल निळसर पडणें, डोकें सुजणें, पायांवर रक्ताचे डाग दिसणें, अंडीं एकदम बंद होणें, हीं चिन्हें दिसलीं कीं संशय घ्यावाच. मानमोडी म्हणजे राणीखेत; तिची लस मिळते व ती वेळेवर टोंचून घ्यावी. ती लस बर्ड फ्लूस चालत नाहीं, पण तिचा दुसरा एक फायदा आहे. लस टोंचलेल्या कोंबड्या पटापट मरूं लागल्या, तर "मानमोडीच असेल" असें म्हणून स्वस्थ बसण्यास सबब उरत नाहीं.

संशय येतांच पशुवैद्यकीय दवाखान्यांत, ग्रामपंचायतींत किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावें. तोंवर उरलेल्या कोंबड्या कोंडून ठेवाव्या; विकूं नयेत, कापूं नयेत, मुलीच्या सासरींही पाठवूं नयेत. मेलेली कोंबडी ओढ्यांत किंवा उकिरड्यावर टाकणें सर्वांत वाईट, कारण कुत्रीं व कावळे ती गांवभर नेतात. डॉक्टरांस नमुना हवा असतो, म्हणून त्यांना विचारल्यावांचून पुरण्याचीही घाई करूं नये. हात लावणें भागच पडलें तर नाकातोंडास फडकें बांधून, हातांवर प्लास्टिकची पिशवी चढवून मगच लावावा, व मागाहून साबणानें स्वच्छ धुवावें. मुलांस जवळ येऊं देऊं नये. नंतरच्या दहा दिवसांत कोणास ताप, खोकला आला, तर डॉक्टरांस कोंबड्यांची हकीकत अवश्य सांगावी. हा रोग माणसांस क्वचित् होतो, पण झाला तर जीव घेतो. २०२१ सालीं हरियाणांतील एक ११ वर्षांचा मुलगा यानें दिल्लीस मरण पावला.

नीट शिजविलेलें मांस व अंडीं यांस मात्र भिण्याचें कारण नाहीं. ७० अंश उष्णतेंत हा विषाणु मरतो, आणि आपल्या घरचा रस्सा त्याहून पुष्कळ अधिक उकळतो. भय आहे तें कच्च्या मांसाचें, कापण्याच्या पाटाचें व रक्ताच्या हातांचें. आजारी वा मेलेली कोंबडी मात्र शिजवूनही खाऊं नये.

रोग येण्यापूर्वीं करावयाचें तें थोडेंच आहे, पण नित्य करावें लागतें. हा विषाणु विष्ठेंतून पसरतो, आणि विष्ठा जोड्यांस, खाद्याच्या पोत्यांस, अंड्यांच्या ट्रेंस व गाडीच्या चाकांस चिकटून येते. पोल्ट्रीवर मजुरीस जाणाऱ्यानें घरीं येतांच पाय धुवावे, कपडे बदलावे, मगच खुराड्याकडे जावें. बदकें व तळ्यावरचे पाहुणे पक्षी रोग अंगीं असूनही कित्येकदां धडधाकट दिसतात; म्हणून कोंबड्यांस तळ्याचें पाणी पाजूं नये व बदकांत मिसळूं देऊं नये. बाजारांतून आणलेली नवी कोंबडी, किंवा न विकतां परत आलेली घरचीच, दोन तीन आठवडे निराळ्या डालग्याखालीं ठेवावी. खुराड्यांत चुना मारावा, पेंढा बदलावा.

आणि एकदां कोंबड्या मारल्या गेल्या, तर पशुवैद्यक अधिकारी परवानगी देईपर्यंत नवीं पिलें आणूं नयेत. परवानगी मिळाली तरी आरंभीं चारपांचच आणावीं, तीं नीट वाढतात असें पाहावें, आणि मग बाकीच्यांचा खर्च करावा.