हवेची गाळणी आणि पेट्रोलची बचत

गेल्या सत्रांत आठवीच्या वर्गांत वायूंचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, मोटारीला धुऊन पुन्हा वापरतां येणारा एअर फिल्टर बसविला, तर पेट्रोल वांचतें काय?" त्याचे वडील स्वतःची मोटार भाड्यानें चालवितात. "किंमत कागदी फिल्टरच्या कित्येक पट खरी, पण पेट्रोलमध्यें भरून निघेल," असें त्यांना एका दुकानदारानें सांगितलें होतें. ज्या घरची मिळकत पेट्रोलच्या रोजच्या हिशेबावर अवलंबून आहे, त्या घरीं हा प्रश्न लहान नव्हे. म्हणून त्याचें उत्तर येथें जरा विस्तारानें देत आहें.

प्रथम इंजिनाला हवा किती लागते तें पाहूं. जळता दिवा झांकला म्हणजे विझतो. त्याचप्रमाणें हवेवांचून पेट्रोलहि जळत नाहीं. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचें वजन सुमारें पाऊण किलोग्रॅम. त्यासाठीं सुमारें ११ किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ ९,००० लिटर हवा इंजिन ओढून घेतें. या हवेबरोबर रस्त्यावरील धूळहि येते, आणि ती आंत गेली तर पिस्टन व सिलिंडर झिजतात. ही धूळ बाहेर ठेवणें हेंच फिल्टरचें मुख्य काम होय.

साधा फिल्टर घड्या घातलेल्या कागदाचा असतो. मळला म्हणजे तो टाकून देतात. पुन्हा वापरावयाचा फिल्टर बहुधा तारेच्या जाळींत बसविलेल्या सुती कापडाच्या थरांचा असून त्याला तेल लावलेलें असतें. तो धुऊन, वाळवून, पुन्हा तेल लावून बसवितात. त्यांतून हवा अधिक मोकळी वाहते, म्हणून पेट्रोल कमी लागतें, असा विक्रेत्यांचा युक्तिवाद असतो.

या युक्तिवादांत एक पायरी चुकते. पेट्रोलच्या मोटारींत फिल्टर आणि इंजिन यांच्या दरम्यान थ्रॉटल नांवाची झडप असते. चालकानें अ‍ॅक्सिलरेटर दाबला कीं ती उघडते. नेहमींच्या चालीनें जातांना ती थोडीच उघडी असते. म्हणजे हवेला मोठा अडथळा चालक स्वतःच आपल्या पायानें करीत असतो. फिल्टरनें किंचित् अधिक अडवणूक केली, तर झडप किंचित् अधिक उघडावी लागते, एवढेंच. नळाची तोटी थोडीशीच उघडली असतां मागचा नळ रुंद करून घागर लवकर भरेल काय?

जुन्या कार्बुरेटरच्या मोटारींची गोष्ट मात्र निराळी होती. त्यांत फिल्टर तुंबला कीं हवेच्या मानानें पेट्रोल जास्त ओढलें जाई. अशा मोटारींत मळका फिल्टर बदलल्यानें २ ते ६ टक्के बचत होऊं शकते, असें अमेरिकेचें ऊर्जा खातें सांगतें. पण आजच्या मोटारींत धुराच्या नळींत प्राणवायु मोजणारा सेन्सर असतो. असा सेन्सर प्रथम १९७६ सालीं व्होल्व्हो मोटारींत बसविला गेला. त्याच्या मापावरून संगणक पेट्रोलचें प्रमाण क्षणोक्षणीं बेतून देतो.

याची परीक्षाहि झालेली आहे. अमेरिकेंतील टेनेसी राज्यांत ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तेथील संशोधकांनीं नव्या पद्धतीच्या पेट्रोल मोटारींचे फिल्टर मुद्दाम तुंबवून पाहिले, आणि २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. पेट्रोलच्या खर्चांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. फरक पडला तो वेग घेण्यांत: स्वच्छ फिल्टर असतां मोटार ६ ते ११ टक्के कमी वेळांत वेग घेई. आतां विचार करा. तुंबलेल्या आणि स्वच्छ फिल्टरमध्येंच जर पेट्रोलचा फरक दिसत नाहीं, तर स्वच्छ कागद आणि स्वच्छ कापड यांत तो कोठून दिसणार?

मग कित्येकांना बचत झाल्याचा अनुभव कसा येतो? नवी वस्तु घेतली कीं मनुष्य मोटार जपून हांकतो, चाकांतील हवा तपासतो, आणि श्रेय मात्र फिल्टरला देतो. खरी परीक्षा करावयाची, तर टांकी पूर्ण भरून, त्याच रस्त्यानें, तेवढेंच ओझें घेऊन, दोन्ही फिल्टर आळीपाळीनें बसवून कित्येक वेळां हिशेब लिहिला पाहिजे.

पुन्हा वापरावयाचा फिल्टर निरुपयोगी आहे, असें मात्र नव्हे. एकच मोटार अनेक वर्षें वापरणाराला तो वरचेवर विकत घ्यावा लागत नाहीं, आणि कचराहि कमी होतो. परंतु तेल जास्त झालें तर तें हवा मोजणाऱ्या नाजूक तारेवर बसून बिघाड होण्याचा संभव असतो.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं शेवटीं कागदी फिल्टरच घेतला. मुलगा आतां प्रत्येक वेळीं भरलेलें पेट्रोल आणि झालेले किलोमीटर वहींत टिपून ठेवतो, व दर आठवड्यास चाकांतील हवा तपासण्याची वडिलांना आठवण करून देतो. विद्यार्थ्यांनो, विक्रेत्याचें म्हणणें आदरानें ऐकावें. परंतु घरचा पैसा खर्च करण्यापूर्वीं तें मोजून पाहावें.