मैदानी झाली, आता धावायचं कशाला?

कारंजा लाडमध्ये पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी आणि तिचे निवृत्त क्रीडाशिक्षक यांच्यातला हा संवाद.

मुलगी : सर, माझी मैदानी झाली. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, पन्नास गुणांचं सगळं आटोपलं. आता शंभर गुणांची लेखी तेवढी राहिली. घरचे म्हणतात, धावणं बास, पुस्तक धर.

सर : तिथंच पोरं फसतात. पाठ केलेलं टिकवायला तेच धावणं कामी येतं. फक्त वेळ बदल.

मुलगी : पहाटे धावलं काय न् संध्याकाळी काय, फरक कशानं पडते?

सर : नेदरलँड्समध्ये नायमेगेनला डोंडर्स इन्स्टिट्यूट आहे. तिथला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ७२ जणांना पडद्यावर ९० चित्रं दाखवली; कोणतं चित्र कुठं होतं, ते लक्षात ठेवायचं. चाळीसेक मिनिटांचं काम. मग तीन गट केले. एकानं लगेच ३५ मिनिटं जागेवरची सायकल मारली, दुसऱ्यानं चार तासांनी, तिसऱ्यानं व्यायाम केलाच नाही. दोन दिवसांनी सगळ्यांची परीक्षा घेतली.

मुलगी : लगेचवाल्यांना जास्त आठवलं असेल.

सर : नाही. त्यांच्यात आणि व्यायाम न करणाऱ्यांत फरक दिसला नाही. चार तासांनी सायकल मारणाऱ्यांच्या मात्र जास्त लक्षात राहिलं. आणि ती सायकल रमतगमत नव्हती. मधूनमधून वेग वाढवून हृदयाचे ठोके कमाल गतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत न्यायचे होते.

मुलगी : काहून पण? ताजं असताना पक्कं व्हायला पाहिजे ना?

सर : नवीन काही शिकलं की मेंदूतल्या पेशींच्या ज्या जोडांवर ते उमटतं, तिथं एक खूण होते. सामन्याआधी आपण मैदानावर फक्की मारतो ना, तशी. काही तासांत ती पुसट होते. ती पक्की करायला प्रथिनं लागतात. जोरदार व्यायामानं डोपामिन आणि नॉरएड्रेनॅलिन वाढतात, आणि ती प्रथिनं तयार व्हायला त्यांची मदत होते, असा संशोधकांचा कयास आहे. खुणेची ही कल्पना फ्राय आणि मॉरिस यांनी १९९७ मध्ये उंदरांच्या मेंदूवरच्या प्रयोगांतून मांडली. तेच रिचर्ड मॉरिस नायमेगेनच्या प्रयोगातही होते.

मुलगी : म्हणजे बरोब्बर चार तास?

सर : चाराला धरून बसू नको. तीन किंवा पाच तास त्यांनी तपासलेच नाहीत. शिवाय ती चित्रं होती, राज्यघटनेची कलमं नव्हती. पण वेळ बदलून पाहायला आपल्याला पैसा लागत नाही.

मुलगी : मग पहाटेचं इतके दिवसांचं धावणं फुकट गेलं?

सर : मुळीच नाही. २००७ मधल्या एका जर्मन प्रयोगात जोरात धावून आलेल्यांनी नवे शब्द वीस टक्के लवकर शिकले. आधीचं धावणं शिकायला मदत करतं, नंतरचं टिकवायला. पण पाचला उठायचं म्हणून रात्रीची झोप कापू नको. दिवसभर शिकलेलं झोपेतच मुरतं. अभ्यासिकेत दहा वाजताच पेंग येते, असं तूच सांगत होतीस ना?

मुलगी : हो सर. पण घरी हे पटवायचं कसं?

सर : मी येऊन बोलतो. आपल्या शेजारी अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूनं आपले देशी खेळ दाखवले. एवढी परंपरा उशाला असून इथल्या घरांत व्यायाम म्हणजे अभ्यासातून पळवाट समजतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलगी : मग आता वेळापत्रक कसं लावू?

सर : निव्वळ पाठांतराचं, म्हणजे चालू घडामोडी, कलमं, समास, हे बारा ते दोन. सहाला मैदान. अंकगणित सकाळी सोडव.

मुलगी : उन्हाळ्यात सहालाही ऊन भाजते, सर.

सर : मग साडेसहा. दोन आठवडे असं कर, पुढचे दोन आठवडे पाठांतर संपल्या संपल्या धाव. प्रत्येक वेळी दोन दिवसांनी पुस्तक मिटून वहीत लिहून काढ.

मुलगी : आणि तपासायचं कोणी?

सर : वही इकडे आणून दे. लाल पेन आहे माझ्याकडे.