बोटीवर राहायचं, तर थांबायचे पैसे आधी बाजूला काढा

शिडाच्या बोटीवर बिऱ्हाड करून उष्ण समुद्रातल्या बेटाबेटांतून हिंडायचं, तर खर्च किती येतो? असं विचारलं की बहुतेक जण बोटीची किंमत सांगतात. ती सांगणं सोपं आहे, कारण ती जाहिरातीत छापलेली असते. घर विकून समुद्रावर गेलेली माणसं वर्ष-दीड वर्षात परत येतात, त्यामागे मात्र बोटीची किंमत क्वचितच असते. हवा बिघडली म्हणून जिथे आठ दिवस राहायचं ठरलं होतं तिथे दोन महिने काढावे लागतात, आणि त्या दोन महिन्यांचे पैसे हिशेबात धरलेलेच नसतात. शहापूर तालुक्यातल्या सापगावच्या पुलाखाली भातसा नदी फुगली की माणूस मुकाट्याने अलीकडे थांबतो. समुद्रावर तसंच थांबता यायला हवं, आणि तिथे थांबण्याचे रोज पैसे पडतात.

आधी हवामानाचं वेळापत्रक समजून घ्या, कारण पैसे त्यावरून ठरतात. आपल्या बाजूचा अरबी समुद्र जून ते सप्टेंबर लहान बोटीसाठी बंदच समजा. १ जून ते ३१ जुलै तर यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते. त्याच्या आगेमागे मे महिना आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे. मे २०२१ मध्ये तौक्ते लक्षद्वीपजवळून वर सरकलं आणि मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. निसर्ग ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. ओखी २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरातलं. म्हणजे लक्षद्वीपला जायचं तर जानेवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचे महिने भरवशाचे. तिथे जायला भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो, तो आधी काढा. अंदमानात उत्तर सेंटिनेल बेटाभोवती पाच सागरी मैलांत जायला मनाई आहे. बाकीच्या बेटांपैकी कुठे नांगर टाकता येतो, हे बंदर कार्यालयात विचारूनच निघा.

विषुववृत्ताच्या पाच अंशांच्या आत चक्रीवादळं सहसा तयार होत नाहीत, कारण वाऱ्याला गोल फिरवणारा पृथ्वीच्या परिवलनाचा जोर तिथे फार कमी पडतो. मलेशियातलं लंकावी बेट त्या पट्ट्याच्या जवळ, सहा अंशांवर आहे. म्हणून बोटीवर राहणारी बरीच कुटुंबं तिथे आणि शेजारच्या थायलंडातल्या फुकेतला तळ ठोकून असतात. तिथेही पाऊस असतो आणि सोसाट्याचा वारा असतो. समोर काळी रेघ दिसली की दहा-पंधरा मिनिटांत ३०-३५ नॉट, म्हणजे ताशी ५५ ते ६५ किलोमीटरचा वारा अंगावर येतो आणि अर्ध्या तासात निघून जातो. तेवढ्या वेळात शीड आखडलेलं नसेल तर ते फाटतं. एका नव्या मोठ्या शिडाला दीड-दोन लाख रुपये सहज जातात. शीड वेळेत आखडायला पैसा लागत नाही, सवय लागते.

सवय बोट न घेताही लावता येते, आणि माझं सांगणं आहे की पहिलं वर्ष तसंच घालवा. शहापूरजवळच्या आसनगावहून लोकलने मुंबईला सीएसएमटीपर्यंत सुमारे दोन तास, पुढे गेटवे ऑफ इंडिया. तिथे पावसाळा सोडून भाड्याने शिडाच्या बोटी मिळतात. दोन तासांचे काही हजार रुपये होतात आणि चार-पाच जणांत वाटले तर फार नाहीत. बोट लागते का, उलट्या होतात का, हे आधी कळू द्या. पोहायला रीतसर तलावात शिका. भातसेच्या पात्रात किंवा धरणाच्या पाण्यात नको. नंतर पाच दिवस बोटीवरच राहून शिकवणारा क्रूचा अभ्यासक्रम करा. थायलंड-मलेशियात त्याला विमानभाडं धरून दीड लाखाच्या आसपास जातात. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेतही चौकशी करा. यापुढची पायरी म्हणजे दुसऱ्याच्या बोटीवर खर्चात वाटा देऊन महिनाभर जाणं. निघण्याआधी लाइफ जॅकेट, लाइफ राफ्ट आणि कप्तानाचा अनुभव डोळ्यांनी तपासा. पासपोर्ट स्वतःकडे ठेवा आणि परतीचं तिकीट बदलता येणारं काढा.

महिनाभर पावसात बोटीवर राहून आल्यावरही मन तयार असेल, तरच खरेदीकडे वळा.

जोडप्याला पुरेशी ३६ फुटी, तीस-चाळीस वर्षं जुनी फायबरची बोट आग्नेय आशियात साधारण ३० ते ६० हजार डॉलरच्या दरम्यान मिळते. हिशेबासाठी ४० लाख रुपये धरू. ती पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरकडून तपासायला एक लाख. हे वाचवू नका. इथे वाचवलेला लाख पुढे दहा लाखांना पडतो. पहिल्या दुरुस्तीला किमतीचा पाव हिस्सा किंवा थोडं जास्त, म्हणजे ११ लाख. डोलकाठीच्या तारा दहा वर्षांहून जुन्या असतील तर अनेक विमा कंपन्या त्या बदलायला सांगतात, म्हणून त्यांचं वय विक्रेत्याला लेखी विचारा. वर्षाची देखभाल किमतीच्या दहा टक्के, हा बोटवाल्यांचा जुना आडाखा आहे. ते ४ लाख. त्यात बुडाला शेवाळ-शिंपल्यांविरुद्धचा रंग, इंजिनाचं तेल, गंज रोखणारे जस्ताचे तुकडे, लाइफ राफ्टची तपासणी येते. विमा ६० हजार धरा. दोघांचं जेवणखाण, डिझेल, बंदर शुल्क, व्हिसा, फोन मिळून काटकसरीने महिना १.३ लाख, वर्षाचे १५.६ लाख. झाले ७२.२ लाख. आता त्यावर सहा महिन्यांच्या खर्चाइतके, म्हणजे ७.८ लाख, थांबण्यासाठी वेगळे ठेवा. पहिल्या वर्षाचे ८० लाख. त्यातले ४० लाख बोटीत अडकलेले असतात आणि ती विकायला कधी कधी वर्ष लागतं; त्या वर्षाचं मरिनाचं, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्याचं, भाडंही तुमच्याच खिशातून जातं.

हे ७.८ लाख कुठे जातात, ते नीट सांगतो, कारण बहुतेक अंदाजपत्रकांत ही ओळच नसते. हवा बिघडली की उघड्या नांगरावरून मरिनात जावं लागतं. ३६ फुटी बोटीला तिथे महिन्याचे २५ ते ५० हजार पडतात, आणि ऐन हंगामात जागाच मिळत नाही. व्हिसाची मुदत संपते, मग वाढवून घेण्याचं शुल्क, नाहीतर देशाबाहेर जाऊन परत येण्याचं भाडं. सलग ढगाळ दिवस आले की सौर पॅनेल थकतात. फ्रिज एकटाच दिवसाला १२ व्होल्टचे ४०-६० अँपिअर-तास खातो, मग इंजिन चालवून बॅटरी भरायची. ओल सगळीकडे शिरते. गाद्या, कपडे, पीठ, पुस्तकं यांना बुरशी लागते. घरी काही झालं तर ऐन वेळचं विमानाचं तिकीट आणि मागे बोट सांभाळणाऱ्याचे पैसे. हे पैसे बाजूला नसले की माणूस खराब हवेतही निघतो. ठरलेली तारीख गाठायची म्हणून निघालेल्या बोटींचे अपघात होतात; ही शिल्लक तुमचा जीव वाचवणारी वस्तू आहे, एवढं मी ठासून सांगेन.

थांबायचं तर नांगर चांगला हवा. आठ मीटर खोल पाणी, त्यात पाण्यापासून डेकपर्यंत दोन मीटर धरले तर दहा झाले. नेहमीच्या हवेत याच्या पाचपट साखळी सोडतात, जोराच्या वाऱ्यात सातपट किंवा अधिक, म्हणजे ७० मीटर. दहा मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या वर असते. ७० मीटरला १६० किलोच्या आसपास. ती हाताने ओढायची नसते, विजेचं चाक लागतं. नांगर, साखळी, चाक मिळून दोन-तीन लाख होतात. एवढा पैसा कुठल्याही चैनीवर घालण्याआधी इथे घाला. नांगर वाळूत टाका. प्रवाळावर टाकला तर तो धड पकडत नाही, आणि वाढायला दशकं लागलेलं प्रवाळ मोडतं.

विम्याचे कागद रात्रभर बसून वाचा. कॅरिबियन समुद्रात १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा काळ. बऱ्याच पॉलिसींत त्या काळात अमुक अक्षांशाच्या दक्षिणेला राहा, नाहीतर वादळाची भरपाई नाही, अशी अट असते. ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटाला बरेच बोटवाले सुरक्षित मानत. १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळ थेट त्याच बेटावर आलं आणि आडोशाला बांधलेल्या बोटींची नासधूस झाली. म्हणून वादळाच्या नुकसानीत स्वतःचा वाटा किती टक्के, बोट बुडाली तर सांगाडा काढायचा खर्च कोणाचा, हे प्रश्न सही करण्याआधी विचारा. साधा प्रवास विमा किनाऱ्यापासून ठरावीक मैलांपुढच्या सफरीला लागू होत नाही, असंही अनेकदा निघतं.

संकटाच्या वेळचा खर्चही आधीच करायचा असतो. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपीआयआरबी, म्हणजे उपग्रहाला ठिकाण कळवणारा बीकन, साधारण पन्नास हजारांच्या घरात मिळतो. तो तुमच्या नावावर नोंदवलेला असला पाहिजे. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत नौदल अधिकारी अभिलाष टोमी यांच्या ‘थुरिया’ बोटीची डोलकाठी दक्षिण हिंद महासागरात वादळात मोडली आणि पाठीला जबर मार लागून ते जागेवरून हलू शकेनात. तिसऱ्या दिवशी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवलं. ते नेमके कुठे आहेत, हे कळत होतं म्हणून ते शक्य झालं. भारताच्या पाण्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबरचं चॅनल पाठ ठेवा. इशारा: परदेशात सर्रास वापरले जाणारे थुराया-इरिडियम उपग्रह फोन आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारी छोटी यंत्रं भारतात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. ती घेऊन विमानतळावर उतरलेल्यांना अटक झाली आहे. हवामानासाठी हवामान विभागाचं सागरी पत्रक आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचे लाटांचे अंदाज मोफत मिळतात. रोज सकाळी ते बघणं हे निम्मं कप्तानपण आहे.

पाण्याच्या बाबतीत आपली माणसं तयार असतात. मुंबईला पाणी देणाऱ्या धरणांच्या शहापूर तालुक्यात कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तिथे वाढलेल्या बाईला माणशी १५ लिटरमध्ये दिवस कसा काढायचा, हे शिकवावं लागत नाही. ४०० लिटरची टाकी दोघांना त्या हिशेबाने १३ दिवस पुरते. पावसात ताडपत्री ताणून पाणी धरलं तर आणखी. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र तीन-पाच लाखांना येतं; पहिल्या वर्षी घेऊ नका. स्वयंपाकाचंही तसंच. डाळ-तांदूळ, बेसन, नाचणी, सुकट हे सगळं हवाबंद डब्यात टिकतं, आणि हलत्या बोटीत झाकणबंद कुकर हे सगळ्यात सुरक्षित भांडं. बेटांवर दूध, लोणी, सफरचंद महाग. मासे, नारळ, केळी स्वस्त. गॅसची गळती झाली तर तो हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साठतो आणि ठिणगीने स्फोट होतो. काही हजारांचा गॅस सूचक बसवा आणि चूल बंद केल्यावर सिलिंडरही बंद करा.

बोट भारतात आणायचा विचार असेल तर कराचा आकडा बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या नौकांवर ४० टक्के जीएसटी आहे. आयातीवर सीमाशुल्क वेगळं. परदेशात पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर अशा कारणासाठी बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. ४० लाख पाठवले तर ६ लाख आयकर विवरण भरून वळते होईपर्यंत अडकतात. कुठल्या मार्गाने पाठवायचे, हे सीएला आधी विचारा.

इथे बांधून घेणंही अशक्य नाही. गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस कारखान्यात बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच कारखान्याच्या ‘तारिणी’वरून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांनी ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ मध्ये दोघींनीच फेरी मारली. दोन्ही मोहिमांनी वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन अशा बंदरांत थांबून बोट दुरुस्त केली. त्यांच्यामागे नौदल होतं. तुमची दुरुस्ती तुमच्याच खिशातून होणार आहे, म्हणून नवी बोट बांधणाऱ्याकडून सुट्या भागांची यादी आणि किमती करारातच लिहून घ्या.

निघण्याआधी घरचे कागद नीट करा. शेती कोण कसणार, घरपट्टी कोण भरणार, म्हाताऱ्यांच्या दवाखान्याला पैसे कोण काढणार, यासाठी विश्वासाच्या माणसाला नोंदणीकृत मुखत्यारपत्र द्या. बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येतो त्याला आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करा आणि परदेशात तो खरोखर येतो का, हे पहिल्याच प्रशिक्षणाच्या सहलीत बघून घ्या. ओटीपी आला नाही, तर खात्यात पैसे असूनही मरिनाचं बिल भरता येत नाही.