एक चर्च, चार मुली आणि भिंतीतली ओल

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे चर्च म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आमच्या शाळेचं छोटंसं चॅपल येतं. थंडगार फरशी, मेणबत्त्यांचा वास, आणि बडबड केली म्हणून मागे वळून बघणाऱ्या सिस्टर! चर्च म्हणजे जगातली सगळ्यात सुरक्षित जागा, असंच मला तेव्हा वाटायचं. (कॉन्व्हेंटचा आणखी एक परिणाम म्हणजे माझं मराठी शुद्धलेखन. ते संपादक मंडळाने सांभाळून घेतलंय, त्यांचे आभार!)

यंदा आम्हाला सिव्हिलला सेमिनारसाठी विषय होता, 'दुरुस्त करून वाचवलेली एक इमारत'. कोणी ताजमहाल घेतला, कोणी पिसाचा झुकता मनोरा. मी लायब्ररीत एक पुस्तक चाळत होते आणि एका फोटोवर थांबले. चर्चची रंगीत काचेची खिडकी. येशूची आकृती जवळजवळ शाबूत, फक्त चेहऱ्याच्या जागी भोक. खाली लिहिलं होतं, सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च, बर्मिंगहॅम, अलाबामा, 1963. झालं, माझा विषय ठरला. सेमिनारला दहा मिनिटंच मिळाली, त्यात सगळं सांगता आलं नाही. म्हणून हा लेख.

बॅप्टिस्ट म्हणजे कोण?

हे आधी सांगायला हवं, कारण इमारतीच्या गोष्टीशी त्याचा थेट संबंध आहे. आमच्या शाळेतल्या सिस्टर कॅथलिक. बॅप्टिस्ट हा प्रोटेस्टंट पंथ. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, माणसाने स्वतः समजून-उमजून तो घ्यायचा, आणि तोही पूर्ण पाण्यात बुडून, हे त्यांचं वैशिष्ट्य. दुसरं वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक मंडळी स्वतंत्र. वर बिशप नाही, मुख्य कार्यालयाचा हुकूम नाही. पाद्री कोण असावा हे सभासदच ठरवतात आणि इमारतही साधारणपणे त्यांचीच. म्हणजे छप्पर गळायला लागलं तर बिल कोणाच्या नावावर? सभासदांच्याच! आपल्या हाऊसिंग सोसायटीसारखं. जुन्या बॅप्टिस्ट इमारती टिकवणं अवघड का असतं, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

26,000 डॉलरची इमारत

हे बर्मिंगहॅम इंग्लंडमधलं नव्हे, अमेरिकेच्या दक्षिणेकडचं. लोखंड आणि पोलादाच्या धंद्यासाठी 1871 मध्ये वसवलेलं शहर. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली 1865 मध्ये, आणि 1873 मध्ये इथल्या कृष्णवर्णीय लोकांनी आपली बॅप्टिस्ट मंडळी स्थापन केली. म्हणजे त्यातले कित्येक सभासद आठ वर्षांपूर्वीपर्यंत दुसऱ्याची मालमत्ता होते! या लोकांनी 1884 मध्ये सोळाव्या रस्त्यावर विटांचं चर्च बांधलं. 1908 मध्ये शहराच्या प्रशासनाने ते धोकादायक ठरवून पाडायला लावलं. लोक खचले नाहीत. पुन्हा पैसे जमवले आणि 1911 मध्ये आजची इमारत उभी राहिली. खर्च आला 26,000 डॉलर.

या इमारतीचा आर्किटेक्ट होता वॉलेस रेफील्ड आणि बांधकाम केलं टी. सी. विंडहॅम यांच्या कंपनीने. दोघेही कृष्णवर्णीय. ज्या काळात दक्षिणेत काळ्या माणसाला गोऱ्यांच्या शाळेत बसता येत नव्हतं, त्या काळात डिझाइन त्यांचं, बांधकाम त्यांचं, पैसा त्यांचा. रेफील्ड आधी टस्कीगी इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असे. बुकर टी. वॉशिंग्टन यांची ही संस्था. त्याने समोरच्या बाजूला दोन मनोरे दिले, मधल्या भागावर घुमटी दिली, आणि खाली भलंमोठं तळघर केलं, सभागृहासारखं.

रेफील्ड 1941 मध्ये वारला आणि लोक त्याला विसरले. मग 1993 मध्ये अलाबामातल्या एका जुन्या गोठ्यात धातूचे छपाईचे ठसे सापडले. एकदोन नव्हे, चारशेहून अधिक! त्यावर इमारतींची चित्रं आणि प्लॅन कोरलेले. ते रेफील्डचे निघाले. ते भंगारात गेले असते तर त्याच्या कितीतरी कामाचा पुरावाच उरला नसता. ड्रॉइंग शीट सबमिशन झाल्यावर रद्दीत देणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाचून थोडं लाजायला हरकत नाही.

तळघरातून निघालेली मुलं

बर्मिंगहॅममध्ये तेव्हा सगळंच वेगळं होतं. शाळा वेगळ्या, बसमधल्या सीट वेगळ्या, पाणी प्यायचे नळसुद्धा वेगळे. महाडच्या चवदार तळ्याचा धडा शाळेत शिकलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. शहरातले मोठे हॉल काळ्या लोकांना बंद, म्हणून व्याख्यानं, संगीत, मीटिंगा सगळं या चर्चमध्ये. डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस, पॉल रोबसन अशी मोठी माणसं इथे येऊन गेली. इमारत चर्चची, पण काम टाऊन हॉलचं.

2 मे 1963 ला याच चर्चमध्ये शाळकरी मुलं जमली. शेकडोंनी. गटागटाने दारातून बाहेर पडायची, गाणी म्हणत समोरच्या केली इन्ग्राम पार्ककडे निघायची, आणि पोलीस त्यांना पकडून गाडीत घालायचे. दुसऱ्या दिवशी मुलांवर आगीच्या बंबाचे फवारे आणि कुत्रे सोडले. ते फोटो जगभर छापून आले आणि शहराला नमावं लागलं. ज्यांना हे सहन झालं नाही, त्यांच्या डोळ्यात ही इमारत सलायला लागली.

15 सप्टेंबर 1963, रविवार, सकाळचे 10 वाजून 22 मिनिटं. पूर्वेकडच्या पायऱ्यांखाली ठेवलेला डायनामाइट फुटला. तळघरातल्या स्त्रियांच्या खोलीत मुली प्रार्थनेसाठी तयार होत होत्या. ॲडी मे कॉलिन्स, कॅरोल रॉबर्टसन आणि सिंथिया वेस्ली, तिघी चौदा वर्षांच्या. डेनिस मॅकनेअर, अकरा वर्षांची. चौघी गेल्या. ॲडीची बहीण सारा त्याच खोलीत होती, तिचा एक डोळा गेला. आणखी वीसेक जण जखमी झाले. भिंतीला भगदाड पडलं, खिडक्यांचा चुरा झाला. तग धरून राहिली ती फक्त सुरुवातीला सांगितलेली खिडकी, बिनचेहऱ्याची.

मी सेमिनारमध्ये ही नावं वाचली तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली. माझी धाकटी बहीण अकरा वर्षांची आहे.

(न्यायाचं म्हणाल तर पहिला आरोपी दोषी ठरला 1977 मध्ये, आणि शेवटचे दोघे 2001 आणि 2002 मध्ये. जवळजवळ चाळीस वर्षं!)

दुरुस्ती क्रमांक एक

आता आपला विषय. अशी इमारत मिळाली तर काय करायचं? पाडून नवी बांधायची? की भगदाड तसंच ठेवून स्मारक करायचं? लोकांनी तिसरा मार्ग निवडला. दुरुस्त करून तिथेच पुन्हा प्रार्थना सुरू करायची. कोणी न मागता तीन लाखांहून जास्त डॉलरच्या देणग्या आल्या आणि 7 जून 1964 ला, म्हणजे नऊ महिन्यांच्या आत, चर्च पुन्हा उघडलं.

यातली एक देणगी मला सगळ्यात आवडली. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये जॉन पेट्स नावाचा एक चित्रकार होता, काचेचं काम करणारा. बॉम्बची बातमी ऐकून त्याला वाटलं, आपल्याला दुसरं काय येतं? खिडकी येते, तर खिडकी देऊ. 'वेस्टर्न मेल' या तिथल्या वर्तमानपत्राच्या संपादकांनी वर्गणी जाहीर केली, आणि अट घातली की कोणीही अर्ध्या क्राऊनपेक्षा जास्त द्यायचं नाही. अर्धा क्राऊन म्हणजे अडीच शिलिंग, एका पौंडाचा आठवा भाग. का? तर कोणी एक श्रीमंत माणूस पुढे येऊन सगळी खिडकी आपल्या नावावर करू नये! मुलांनी खाऊचे पैसे दिले. 1965 मध्ये ती खिडकी बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बसली. निळ्या काचेवर हात पसरलेला कृष्णवर्णीय येशू. एक हात अन्याय दूर ढकलणारा, दुसरा क्षमा करणारा.

आपल्याकडे प्रत्येक पंख्यावर 'यांजकडून सप्रेम भेट' लिहिलेलं असतं, त्यावर ही अट लावून बघायला पाहिजे!

दुरुस्ती क्रमांक दोन

गोष्ट इथे संपली असं मला वाटलं होतं. पण सिव्हिलवाल्यांसाठी खरी गोष्ट पुढेच आहे.

बॉम्बने पडलेलं भगदाड नऊ महिन्यांत बुजलं. पण एक शत्रू हळूहळू आत शिरत होता, ज्याचा आवाज होत नाही. पाणी! पायाजवळून आणि बाहेरच्या विटांमधून वर्षानुवर्षं ओल झिरपत राहिली. 2000 नंतरच्या दशकात हे नुकसान इतकं वाढलं की तीस लाखांहून अधिक डॉलरची मोहीम काढून दुरुस्ती करावी लागली. बॉम्बची बातमी जगभर गेली होती. ओलीची बातमी कोण छापणार? म्हणून तिच्यासाठी पैसे गोळा करणं नेहमीच जास्त कठीण.

विटांच्या जुन्या भिंतीचं तंत्र थोडक्यात सांगते. भिंत पाणी पिते आणि पुन्हा सोडते. ते बाहेर पडायचा रस्ता म्हणजे विटांमधल्या दरजा. म्हणून दरजेतला माल विटेपेक्षा मऊ पाहिजे. झिजायचंच असेल तर दरज झिजावी, ती पुन्हा भरता येते. वीट गेली की गेली. आणि आपण काय करतो? 'मजबूत' म्हणून कडक सिमेंट भरतो. मग पाणी दरजेतून बाहेर पडत नाही, विटेतच अडकतं, क्षार वर येतात, लोणा लागतो आणि विटेचा पापुद्रा सुटायला लागतो.

हे मी पुस्तकात वाचायच्या आधी डोळ्यांनी पाहिलंय. आजोळच्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतींना मामांनी हौसेने सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन पावसाळ्यांत तो फुगला, आणि पडताना जुन्या विटांचे तोंड घेऊन पडला. आजी म्हणाली, "भिंतीचं नाक दाबलंत रे." आमच्या टेक्स्टबुकमध्ये यावर अख्खा चॅप्टर आहे, पण आजीचं वाक्य जास्त लक्षात राहिलं.

म्हणून जुन्या इमारतीचा क्रम असा: आधी छप्पर, मग पन्हळी, मग पायाजवळच्या पाण्याचा निचरा, मग दरजा, आणि सगळ्यात शेवटी रंग. आपण उलट्या बाजूने सुरू करतो, कारण उद्घाटनाच्या फोटोत रंगच दिसतो.

कागद आणि माणसं

कायद्यानेही या इमारतीला हळूहळूच ओळखलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा यादीत एखादी जागा निव्वळ धार्मिक आहे म्हणून घेत नाहीत, तिला इतिहासाचं किंवा वास्तुकलेचं महत्त्व असावं लागतं. 1980 मध्ये हे चर्च त्या यादीत आलं, 2006 मध्ये 'नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क' झालं, आणि जानेवारी 2017 मध्ये आजूबाजूचा परिसर राष्ट्रीय स्मारक जाहीर झाला, त्यातही त्याचा समावेश झाला. समोरच्या पार्कमध्ये 2013 पासून चौघींचा पुतळा आहे.

पण स्मारक झालं तरी मालकी मंडळीकडेच राहिली. तिथे आजही रविवारची प्रार्थना होते. मला वाटतं, इमारत टिकायचं खरं कारण हेच. वापरात असलेल्या इमारतीत कोणीतरी रोज दार उघडतं, कुठे ओल आली हे कोणाला तरी दिसतं, आणि ती दुरुस्त करावी असं कोणाला तरी वाटतं. कुलूप लावलेल्या स्मारकाला हे भाग्य नाही.

सेमिनार संपल्यावर सरांनी विचारलं, "कन्क्लूजन काय?" मी स्लाइडवर पाच मुद्दे लिहिले होते, पण ते वाचलेच नाहीत. मी म्हटलं, सर, बॉम्ब टाकणाऱ्यांना ही इमारत नको होती म्हणून ती वाचवायची जिद्द सगळ्यांना आली. पण पाण्याशी लढायला जिद्द पुरत नाही, तिथे दरवर्षी पावसाळ्याआधी शिडी लावून वर चढावं लागतं. सर हसले आणि म्हणाले, "मग आपल्या कॉलेजच्या जुन्या वर्कशॉपच्या गच्चीवर कधी चढताय?"

मित्रांनो, त्या गच्चीवर पिंपळाची तीन रोपं उगवली आहेत, आम्ही मोजून आलोय. मेच्या पहिल्या शनिवारी ती मुळासकट काढायची आहेत आणि पन्हळी साफ करायच्या आहेत. शिडी वर्कशॉपमध्ये मिळेल. ब्रांचची अट नाही, कॉम्प्युटरवालेही चालतील!